दक्षिणेची जागा कोरी सोड

सेलू, जि. परभणी
24 ऑक्टोबर 2026

चि. रेवतीस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यापासून आईचं एकच चाललंय, "बँकेतून दमून येती अन् रातभर लिहायली म्हणं. डोळे जातील पोरीचे." तिची समजूत मी काढली. आता तुझी काढतो, कारण कादंबरी लिहायचं पटलं तरी तुझा आकडा मला पटलेला नाही.

नोव्हेंबरच्या एका महिन्यात 50,000 शब्दांची कादंबरी लिहायची, हा तू धरलेला 'नॅनोरायमो' नावाचा इंग्रजीवाल्यांचा उपक्रम. म्हणजे रोजचे 1,667. फुलस्केपच्या एका पानावर माझ्या अक्षरात अडीचशेच्या आसपास शब्द बसतात. म्हणजे रोज साडेसहा पानं, तीही मनातून काढायची. शिवाय हा हिशेब इंग्रजीवाल्यांचा. 'घरच्यांनासुद्धा' हा आपल्याकडे एकच शब्द धरला जातो, त्यांना तेवढ्यासाठी चार-पाच लागतात. तेव्हा मराठीत 50,000 भरायचे तर मजकूर त्यांच्यापेक्षा बराच जास्त लागणार. मी तुझ्या जागी असतो तर रोजचे 1,200 धरले असते. तीस दिवसांत 36,000 होतात. तेवढ्यात गोष्ट उभी राहते की.

आणि महिना कोणता निवडलाय बघ! ख्रिस बेटी नावाच्या माणसानं 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडे हे नॅनोरायमो सुरू केलं, तेव्हा 21 जण होते आणि महिना जुलै होता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरवर नेलं, कारण तिकडे तेव्हा हवा खराब, माणूस आपोआप घरात बसतो. आपल्याकडे सगळं उलटं. कापसाची वेचणी, हरभऱ्याची पेरणी, सकाळचं कोवळं ऊन, त्यात यंदा लक्ष्मीपूजन 8 तारखेलाच. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका यायला सुरुवात. दिवाळीचे चार दिवस आत्ताच हिशेबातून काढून टाक. आणि एखादा दिवस बुडालाच तर तो दुसऱ्या दिवसावर चढवू नकोस. आज दुप्पट लिहीन म्हणणाऱ्याला तिसऱ्या दिवशी वही उघडवत नाही.

नेमाड्यांनी 'कोसला' पंधरा दिवसांत लिहिली, हे तू मला ऐकवलंस. खरं आहे, 1963 मधली गोष्ट, तेव्हा ते पंचविशीत होते. पण ते पंधरा दिवस कागदावरचे. आत किती वर्षं साठलेलं होतं, ते कोण मोजणार?

बाकी नॅनोरायमो चालवणारी ती मूळ संस्था 2025 मध्ये बंद पडली, हे मला एका अर्थी बरंच वाटलं. आता शब्द मोजून शाबासकी देणारं कोणी नाही, तेव्हा 30 तारखेला आकडा कमी भरला तरी बिघडत नाही.

आता माझ्या कामातलं एक सांगतो. तहसीलच्या आवारात टेबल टाकून मी आयुष्यभर खरेदीखतं लिहिली, त्यात वाङ्मय काही नाही. पण कच्चा मसुदा कसा पुढे न्यायचा, ते मला कळतं. परवाच एक पक्षकार आला. चतुःसीमा सांगताना पूर्वेस अमुक, पश्चिमेस नाला, उत्तरेस गाडीवाट, आणि दक्षिणेस कोणाचं रान ते त्याला आठवेना. "थांबा, भावाला लावतो फोन." भाऊ फोन उचलेना. मी 'दक्षिणेस' लिहून पुढे रेघ ओढली आणि रकमेच्या कलमावर गेलो. अर्ध्या तासात बाकीचा मसुदा झाला, संध्याकाळी भावाचा फोन आला, नाव भरलं. दक्षिणेपाशी अडून बसलो असतो तर रजिस्ट्रीची वेळ टळली असती.

तुझं मात्र तसंच होतंय. आजोबांच्या काळातलं प्रकरण लिहिताना तू परवा दोन तास फोनवर कागदपत्रं शोधत बसलीस, आणि लिहून झालं किती? एक परिच्छेद. निजामाच्या राजवटीत दफ्तर उर्दूत, वर्ष फसली, म्हणजे महसुली कालगणनेचं. 1357 फसली म्हणजे 1947-48, इतकं आत्ता पुरे. बाकी जिथं अडेल तिथं रेघ ओढ आणि पुढे चल. आजोबांचे कागद पत्र्याच्या पेटीत आहेत, डिसेंबरात आपण दोघं बसून वाचू. तुला उर्दू येत नाही, मला थोडंफार लागतं.

मागचं वाचायचंही नाही. पक्क्या दस्तात खाडाखोड झाली तर प्रत्येक ठिकाणी सही घ्यावी लागते, म्हणून आम्ही जपून लिहितो. तुझा मसुदा कच्चा आहे, तिथं कसली भीती? नायिकेचं नाव दहाव्या पानावर बदलावंसं वाटलं तर तिथून पुढे बदल, मागं जाऊ नकोस. तुला शाळेपासून ओळी सजवायची खोड आहे, निबंधाचा पहिला परिच्छेद चारदा लिहायचीस आणि शेवटाला वेळ पुरायचा नाही. म्हणून इतकं लांबण लावलं.

वेळ रात्रीची नको, एवढं आईचं ऐक. सहाला उठून बँकेत जायच्या आधी जेवढं होईल तेवढं. आणि उठताना वाक्य अर्धं सोडून ऊठ, उद्या कुठून सुरू करायचं हा प्रश्न राहत नाही. ही युक्ती माझी नाही, पुष्कळ लिहिणाऱ्यांची आहे, पण मला ती उपयोगी पडली आहे.

वाचायला मी मागणार नाही. आई मागेल, तिला देऊ नकोस, ती सगळ्या गल्लीला गोष्ट सांगेल.

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी कोणाबरोबर तरी पाठवतो. भाऊबीजेला तपोवन एक्स्प्रेसनं येणार की बसनं, ते कळव.

तुझे,
अण्णा