गोष्ट कोण सांगतंय आणि कुणाला

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर माझ्या समीक्षेच्या अभ्यासाबद्दल बोलताना तुम्ही विचारलंत, "एवढी चिरफाड केल्यावर गोष्टीत उरतं काय?" आणि मागून आईचा आवाज आला, "लेखकाच्या मनात तरी हे सगळं होतं का?" दोन्ही प्रश्न फोनवर उरकण्यासारखे नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, तुम्हाला जे तोंडपाठ आहे तिथूनच सुरुवात करते. गीतेचा पहिला श्लोक घ्या. धृतराष्ट्र विचारतो, 'किमकुर्वत संजय?' काय केलं त्यांनी? क्रियापद भूतकाळी आहे. आपल्या मनात चित्र असतं ते असं, की सैन्यं समोरासमोर उभी आहेत आणि संजय दिसेल तसं सांगतोय. आता भीष्मपर्वात गीतेच्या थोडं मागे जाऊन पाहा. संजय रणांगणावरून परत येतो आणि पहिली बातमी देतो ती भीष्म पडल्याची. युद्धाचे दहा दिवस उलटून गेलेले आहेत. धृतराष्ट्र विलाप करतो, पुन्हा पुन्हा विचारतो की हे घडलं तरी कसं. मग संजय पहिल्या दिवसापासून सांगायला बसतो आणि त्या सांगण्यात गीता येते.

आता दुसऱ्या अध्यायातला अर्जुनाचा प्रश्न आठवा. भीष्मांवर आणि द्रोणांवर मी बाण कसे टाकू, असं तो कृष्णाला विचारतो. हे वाक्य धृतराष्ट्राच्या कानावर पडतं तेव्हा त्याला माहीत आहे की अर्जुनाने ते बाण टाकले आणि भीष्म शरशय्येवर आहेत. अर्जुनाची घालमेल आपण एरवी अर्जुनाच्या बाजूने वाचतो. ऐकणाऱ्याच्या बाजूने वाचली की तिचं वजन किती वाढतं! हा माणूस लढायला तयार नव्हता, तिथेच सगळं थांबू शकलं असतं, हे त्या बापाला सगळं होऊन गेल्यावर ऐकावं लागतंय. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

पुढेही संजय हेच करतो. द्रोण, कर्ण, शल्य, प्रत्येकाच्या वेळी आधी मृत्यूची बातमी, मग हकिकत. 'पुढे काय होणार' ही उत्सुकता महाभारत स्वतःहून सोडून देतं आणि 'हे असं कसं झालं' या प्रश्नावर आपल्याला खिळवून ठेवतं. जेरार जेनेट नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने 1972 साली गोष्ट सांगण्याच्या अशा पद्धतींची नीट मांडणी केली. घटना घडल्या कोणत्या क्रमाने आणि सांगितल्या कोणत्या क्रमाने. घडायला किती वेळ लागला आणि सांगायला किती जागा दिली. एकदा घडलेलं कितीदा सांगितलं. मी करते ते बरंचसं एवढंच: हे प्रश्न हातात घेऊन पुन्हा वाचायचं. महाभारत म्हणजे कादंबरी नव्हे, असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण जे जे कुणीतरी कुणाला तरी सांगतं, त्याला हे प्रश्न विचारता येतात.

सगळीच साधनं सगळीकडे चालतात असं मात्र नाही. व्लादिमीर प्रॉप या लोककथांच्या अभ्यासकाने 1928 मध्ये रशियन परीकथांमधून एकतीस ठरावीक कृती शोधून काढल्या: मनाई, मनाईचा भंग, परीक्षा, सुटका वगैरे. लोककथेला हे छान लागू पडतं. कादंबरीला लावायला गेलं की सांगाडा तेवढा हाती येतो, आणि अशा वेळी बाबा, तुमचा चिरफाडीचा आक्षेप मला शंभर टक्के पटतो.

आई, आता तुझा प्रश्न. त्यावर मोठी भांडणं झाली आहेत. 1946 मध्ये विमसॅट आणि बिअर्डस्ली या दोघा अमेरिकनांनी म्हटलं, की लेखकाचा हेतू हा कलाकृती जोखण्याचा निकष होऊ शकत नाही. 1967 मध्ये रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने तर लेखकाचा मृत्यूच जाहीर केला: अर्थ वाचणाऱ्यापाशी जुळतो, लेखकाची मालकी संपली. मला बार्थ अर्धाच पटतो. 'श्यामची आई' साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे माहीत असणं आणि नसणं यात मला फरक वाटतो. पण तेवढं कळलं म्हणजे पुस्तक कळलं असंही होत नाही.

त्या पुस्तकात दोन श्याम आहेत बघ. एक लहान, हट्टी. अंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला धोंड्यावर लुगडं पसरायला लावणारा. दुसरा मोठा झालेला, आश्रमात रात्री मित्रांना हे सांगणारा. पायाला जपतोस तसा मनाला जप, असं आई म्हणते तेव्हा लहान श्यामला हवे आहेत फक्त स्वच्छ पाय. त्या शब्दांची किंमत कळली आहे ती मोठ्याला, आणि तोवर आई गेलेली आहे. पाहणारा एक, बोलणारा दुसरा. आपल्या डोळ्यांत पाणी येतं ते या दोघांमधल्या अंतरामुळे, असं मला वाटतं. नुसत्या लहान श्यामने हे त्याच दिवशी सांगितलं असतं, तर ती एका हट्टी मुलाची तक्रार झाली असती. गुरुजींनी हे 'ठरवून' केलं का, ते मला सांगता येणार नाही. पण रात्रीमागून रात्र सांगण्याची ती रचना पुस्तकात आहे, पानापानावर आहे, आणि ती आपलं काम करते आहे.

आणि अजून एक, जे मला तुझ्याशीच बोलायचं होतं. पुस्तकाचं नाव आईवरून आहे, पण आई स्वतः निवेदन करत नाही. तिचं प्रत्येक वाक्य मुलाच्या आठवणीतून आपल्यापर्यंत येतं. दारिद्र्य, कर्ज, आजारपण, हे सगळं तिने सोसलं आणि सांगितलं त्याने. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (1967) कर्णाबरोबर कुंती आणि कर्णाची बायको वृषालीही स्वतःच्या तोंडून बोलतात. शेवट कृष्ण सांगतो, कारण स्वतःचं मरण कर्ण सांगणार कसा? तिथे कुंतीचं मूल टाकणं आपण कुंतीकडून ऐकतो आणि तिला दोष देणं अवघड होऊन बसतं. श्यामच्या आईला अशी चार पानं मिळाली असती तर? स्त्रीवादी समीक्षेने मला हे विचारायला शिकवलं: गोष्टीत कोण बोलत नाही? असं विचारल्याने गुरुजींचं प्रेम तसूभरही कमी होत नाही. उलट ती बाई मला आता जास्त जवळची वाटते.

तर बाबा, उरतं काय, याचं माझं उत्तर हे. मला तरी दर वेळी आधीपेक्षा जास्त उरलेलं सापडलं आहे.

दोघांकडे एकेक मागणं आहे. बाबा, भीष्मपर्व गीतेच्या आधीच्या अध्यायांपासून सलग वाचा आणि धृतराष्ट्राबद्दल तुमचं मत बदलतं का ते कळवा. आई, डोळ्यांवर ताण देऊ नकोस, बाबांकडून थोडं थोडं वाचून घे. आणि श्यामच्या आईने कोणता प्रसंग वेगळा सांगितला असता असं तुला वाटतं, ते मला तुझ्या अक्षरात लिहून पाठव. मला खरंच हवं आहे ते. दोन ओळी आल्या तरी चालतील.

प्रकृतीला जपा. औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
लेक