तक्रार: एमजीबीचे सिल बदललेच नाहीत, पैसे मात्र पूर्ण घेतले

प्रति,
मॅनेजिंग डायरेक्टर आणि वर्कशॉप हेड,
क्लासिक कार विभाग, मकरपुरा जीआयडीसी, बडोदा

विषय: १९६६ ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश, बिनछपराची स्पोर्ट्स कार). न बदललेले सिल (दाराखालचा, गाडीला ताकद देणारा पोलादी भाग), ग्राइंडर मारलेलं दार आणि माझे न मिळालेले पॅनल.

आत्ता थोड्या वेळापूर्वी तुमच्या कस्टमर केअरवरच्या मुलीने "सर, तुमची कंप्लेंट क्लोज झाली आहे" असं सांगून फोन ठेवला. ठेवायच्या आधी ती मला परत परत विचारत होती की गाडी हेक्टर आहे की अ‍ॅस्टर, आणि एमजीची असेल तर डीलरकडे न्या. हालोलला आज एमजीच्या गाड्या बनतात, त्यामुळे त्या मुलीला तेवढंच माहीत असणार, तिच्यावर माझा राग नाही. पण क्लासिक ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या रिबिल्डचे साडेअकरा लाख घेणाऱ्या कंपनीच्या फोनवर एमजीबी म्हणजे काय हे एकालाही माहीत नसावं? म्हणून आता लेखी देतोय आणि थेट तुम्हाला देतोय. एमजीबीचा सिल म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायची गरज पडू नये असं धरून चालतो.

तरी सांगतो, कारण तुमच्या फ्लोअरवर कुणाला माहीत असल्याचं दिसलं नाही. एमजीबीच्या आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती, एमजीबीला नाही. १९६२ मध्ये एमजीबी आली ती मोनोकॉक बॉडी घेऊन, म्हणजे सगळा भार बॉडीच घेते, आणि रोडस्टरला वर छप्पर नाही म्हणजे गाडी मधून वाकू नये याची जवळजवळ सगळी जबाबदारी दाराखालच्या सिलवर आणि मधल्या टनेलवर. हा सिल एक पत्रा नाही. बाहेरचा सिल, मध्ये उभा पत्रा म्हणजे मेम्ब्रेन, आत आतला सिल आणि खाली कॅसल सेक्शन, असे मिळून एक बंद बॉक्स तयार होतो. हा बॉक्स गंजला की गाडी संपली. बाहेरून कितीही टार्टन रेड रंग मारा.

बाबांनी ही गाडी सत्तरच्या दशकात एसटीसीच्या (सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या) लिलावातून घेतली, एका दूतावासाची होती. ते गेल्यावर ती दांडिया बाजारच्या आमच्या वाड्यात बरीच वर्षं नुसती उभी राहिली. जानेवारी २०२३ ला लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये २१ गन सॅल्यूटचं कॉन्कूर, म्हणजे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आणि स्पर्धा, झालं, तिथे लोकांनी काय काय जपलंय ते बघितलं आणि ठरवलं की आता हिला उभी करायची. मी कलाभवनात मेकॅनिकल केलेला माणूस आहे, त्यामुळे तुमच्याकडे येताना काय करायचं ते स्वच्छ लिहून आणलं होतं. तुमच्याच कोटेशनमध्ये आहे, पान दुसरं, काढून बघा: दोन्ही बाजूंचे सिल पूर्ण बदलणे, कॅसल सेक्शन बदलणे, दाराच्या चौकटीला ब्रेसिंग लावून एका वेळी एकच बाजू कापणे, मिग वेल्डिंग, आतून कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण). या एका ओळीचे एक लाख ऐंशी हजार. शिवाय पॅनल मी स्वतः इंग्लंडहून मागवून दिले, जुन्या डायमधून काढलेले ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनीचे, कस्टम ड्युटी भरून. तुमच्या स्टोअरच्या माणसाने सही करून घेतले, त्या चलनाची कॉपी जोडली आहे. म्हणजे तुम्हाला फक्त नीट कापायचं, नीट बसवायचं आणि नीट वेल्ड करायचं होतं.

गाडी घरी आली तेव्हा दिसायला सुंदर होती, हे मी मान्य करतो. रंग चांगला, क्रोम चांगलं, वायर व्हील्स सुद्धा नीट ट्रू केलेली. बॅटऱ्यांचा मात्र गोंधळ, या गाडीत मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या येतात आणि पॉझिटिव्ह अर्थ असते (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं), तुमच्या इलेक्ट्रिशियनने एकच बारा व्होल्टची टाकून निगेटिव्ह अर्थ करून ठेवली आणि टॅकोमीटर गेला. ते वेगळं लिहीन. आत्ता सिल.

टायर बघायला म्हणून डाव्या बाजूच्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटायच्या आधीच दार चौकटीत आवळलं, उघडेना. जॅक खाली घेतला, दार उघडलं. परत वर, परत अडकलं. ज्याने एमजीबी कधी हातात घेतली आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही: सिल गेलाय, गाडी मधून वाकतेय. तेवढ्यात जॅकजवळ पुट्टीचा तळहाताएवढा पापुद्रा सुटून खाली पडला आणि आत काय दिसलं तर जीपी शीट. एसीच्या डक्टला वापरतात ती चमकती, जस्त चढवलेली शीट, पॉप रिव्हेटने ठोकलेली, वर पुट्टी. मोबाईलला जोडायचा छोटा कॅमेरा आत घातला तर जुना सिल जागच्या जागी, चाळणी झालेला, आणि कॅसल सेक्शन तर हात लावला तर भुगा होईल असा. फोटो आणि व्हिडिओ जोडले आहेत. पाणी निघायची खालची भोकं सुद्धा पुट्टीने बुजवलेली, म्हणजे या पावसाळ्यात उरलंसुरलं पण सडणार.

आणि पुढचे फेंडर. एमजीबीचे पुढचे फेंडर बोल्टवर असतात, सिलचं पुढचं टोक त्यांच्या मागे जातं, फेंडर काढल्याशिवाय सिल बदलताच येत नाही. माझ्या फेंडरच्या बोल्टांवर बाबांच्या वेळचा रंग अजून तसाच आहे, त्यावर पाना लागल्याची एक खूण नाही. मग सिल बदलला कसा? कुठून घातलात?

आता तो प्रसंग, ज्यामुळे हे पत्र लिहितोय. गाडी घेऊन तुमच्याकडे आलो, सोबत मॅग्नेट आणला होता. तुमचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर आणि फ्लोअर मॅनेजर दोघे समोर. मी मॅग्नेट दाराला लावला, चिकटला. फेंडरला लावला, चिकटला. सिलला लावला, टप्पकन खाली पडला. थोडा पुढे लावला, पडला. मागे लावला, पडला. कारण तिथे बोटभर पुट्टी आहे. मी काही बोललो नाही, नुसतं त्यांच्याकडे बघितलं. अ‍ॅडव्हायजरने माझ्या हातातून मॅग्नेट घेतला, न विचारता, आणि बोनेटवर ठेवला. घसरून पडला. आणि तो म्हणतो, "जुओ काका, बोनेट पर पण नथी चोंटतुं, ब्रिटिश गाडीमां मिक्स मेटल ज आवे." (म्हणजे बोनेटला पण चिकटत नाही, ब्रिटिश गाडीत मिक्स मेटलच येतं.) आजूबाजूला तुमची पोरं काम करत होती, त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, बाळ, या गाडीचं बोनेट कारखान्यातूनच अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्या काळातल्या सगळ्या एमजीबींचं असायचं, पण सिल पोलादाचाच, आणि गाडीच्या साध्या पोलादी पत्र्याला मॅग्नेट न चिकटणं हे जगात कुठेच होत नाही. यावर तो गप्प. मग फ्लोअर मॅनेजर पुढे आले. त्यांना खरं माहीत होतं, मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं की त्यांना माहीत आहे. तरी ते हसले आणि म्हणाले, "काका, अमे रोज आ ज काम करीए छीए. तमे घरे शांतिथी बेसो." आणि मग हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "इस उमर में आपको कौनसी रेस में जाना है?"

मी त्यांना रेसचं विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं की एक लाख ऐंशी हजारांच्या ओळीतलं कोणतं काम झालं आहे ते दाखवा. माझं वय काय, मी गाडी किती चालवणार, चालवणार की नुसती वाड्यात उभी करून बघत बसणार, हा माझा प्रश्न आहे. आणि घरी शांत बसायचं असतं तर बाबांची गाडी मी तुमच्या दारात आणलीच नसती. त्यांनी मॅग्नेट माझ्या हातात परत सुद्धा दिला नाही, टूल ट्रॉलीवर टाकला आणि निघून गेले. मी उचलून आणला. एवढ्या मोठ्या कंपनीचा मॅनेजर, वा, काय कस्टमर सर्व्हिस आहे.

तुमची चूक फक्त लपवाछपवीची असती तरी मी एक वेळ बसून बोललो असतो. पण दार बघा. ब्रेसिंग न लावता बॉडीला हात लावलात, त्यामुळे चौकट आवळली. चौकट सरळ करायची सोडून तुमच्या माणसाने दाराची मागची घडी ग्राइंडरने खाल्ली. ते मूळ दार होतं, इंग्लंडमधल्या अबिंग्डनच्या कारखान्यातून गाडीवर आलेलं, साठ वर्षं ते नीट लागत होतं. गॅप जमत नाही म्हणून दार घासणं म्हणजे चप्पल लागते म्हणून पाय कापणं. हे नुकसान पैशाने भरून निघत नाही, तरी मी ते मागणारच.

आणि माझे पॅनल कुठे आहेत? जे बसवलेच नाहीत ते तुमच्याकडेच असणार ना? दर वेळी उत्तर एकच, "स्टोअरमां हशे, काका." आजच्या फोनवर पण तेच. असतील तर द्या. नसतील तर कोणाच्या गाडीला लावले ते सांगा. एमजीबी पाच लाखांवर बनल्या आणि १९८० मध्ये बंद झाल्या, तिच्या सिलचे पॅनल बडोद्यात रस्त्यावर मिळत नाहीत, ड्युटी भरून आणलेत ते मी. पॅनल कुठे आहेत?

आता रजिस्ट्रेशनचं. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए सीरिजचा नंबर मिळतो, फी वीस हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल चालत नाही. मी सगळं हेरिटेज पॅनलने करायचं ठरवलं होतं ते यासाठीच. आता तपासायला येणाऱ्या कमिटीला मी काय दाखवू, रिव्हेट ठोकलेली डक्टची शीट? तुमच्या ब्रोशरवर पहिल्या पानावर "म्युझियम क्वालिटी" छापलं आहे, ते कृपया काढून टाका.

मला वाईट याचं जास्त वाटतंय की हे बडोद्यात झालं. सयाजीरावांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढलं, हाताने काम करणाऱ्याला शास्त्र कळावं म्हणून. त्या गावात, तिथून पाच-सहा किलोमीटरवर, तुम्ही पोरांना पुट्टी भरायला आणि म्हाताऱ्यांवर हसायला शिकवता. तुमच्याकडे दोन पोरं खरंच चांगली आहेत, एक क्रोमवाला आणि एक स्पोक बांधणारा, त्यांचं काम बघून मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता. त्यांचं नाव पण तुम्ही खराब करताय.

मला काय हवं ते स्पष्ट लिहितो. दोन्ही सिलवरचा रंग आणि पुट्टी माझ्या आणि मी आणलेल्या एका इंजिनिअरच्या समोर उतरवायची. माझे पॅनल परत. सिलच्या ओळीचे एक लाख ऐंशी हजार परत, आणि दाराचं जे काही होईल ते. पॅनल मिळाले की काम मी दुसरीकडे करून घेईन, तुमच्या वेल्डरने माझ्या गाडीला आता हात लावायचा नाही. "फ्रीमध्ये परत टच-अप करून देतो" हे फोनवर ऐकून झालंय, नको आहे. टच-अपनेच तर हे सगळं झाकलंय.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं, तुमच्या सहीचं, अ‍ॅडव्हायजरच्या नाही. नाही आलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवर तक्रार करणार, कोटेशन, चलन, बिल, फोटो सगळं तयार आहे, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंद आजच केली आहे. आणि बडोदा, अहमदाबाद, इंदूरकडचे जुन्या गाड्यांवाले एकमेकांना ओळखतात, मला कोणी विचारलं की कुठे दिली होतीस, तर मी नाव पण सांगणार आणि व्हिडिओ पण दाखवणार. मी धमकी देत नाहीये, जे करणार आहे ते सांगतोय.

फोन करू नका. फोनवर तुमच्याकडे कंप्लेंट क्लोज होते. पत्र पाठवा, आणि पॅनल पाठवताना खोका उघडून आतले सगळे पीस चलनाशी जुळवून पाठवा: दोन बाहेरचे सिल, दोन मेम्ब्रेन, दोन कॅसल सेक्शन.

एमजीबीचा मालक,
दांडिया बाजार, बडोदा

सोबत: कोटेशन, बिल, पॅनलचं सही केलेलं चलन, फोटो आणि व्हिडिओचा पेनड्राइव्ह