प्रकाशयोजना करणाऱ्या हातांना दाखला द्या : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री यांस,

सविनय नमस्कार. चित्रपटांच्या सेटवर 24 वर्षांपूर्वी मी केबल उचलायला लागलो आणि आज गॅफर म्हणून प्रकाशयोजनेची संपूर्ण मांडणी सांभाळतो. तरीही हे काम मला येते, असे सांगणारा एकही अधिकृत कागद माझ्यापाशी नाही.

आमचे शिक्षण जुन्या लाइटमनच्या हाताखाली होते. हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनी धरायचा नाही, कारण बोटांचे तेल लागले की त्या जागी काच अधिक तापते आणि बल्ब फुटू शकतो. जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद, लावायला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटाच घ्यायचा, कारण धातूचा चिमटा दिव्याच्या पत्र्याच्या झडपेइतकाच तापतो. जनरेटरच्या तिन्ही फेजवर भार सारखा वाटायचा. आणि 18 किलोवॅटच्या एचएमआयची, म्हणजे उन्हासारखा प्रखर प्रकाश देणाऱ्या मोठ्या दिव्याची, पुढची काच तडकली असेल, तर सगळे युनिट खोळंबले तरी तो दिवा पेटवायचा नाही, कारण अतिनील किरण तीच काच अडवते. शेवटचा नियम पाळल्याबद्दल मी बोलणी खाल्ली आहेत.

डोळा तयार व्हायला याहून जास्त वर्षे लागतात. ‘खिडकीतून उतरते ऊन हवे’ एवढेच छायालेखक सांगतो; दिवा 3200 केल्विनचा (पिवळसर प्रकाशाचा) घ्यायचा की 5600 चा (दिवसाच्या उजेडासारखा), तो किती मागे न्यायचा, हे आम्ही ठरवतो. अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाईवर येतो, हे मी पुस्तकात फार उशिरा वाचले.

आता एलईडी दिवे आणि ते एका जागेवरून चालवणारे डीएमएक्स कन्सोल आले आहेत. ते शिकायला आमची ना नाही, पण प्रशिक्षणाच्या अर्जात ‘शैक्षणिक अर्हता’ या रकान्यापाशीच आम्ही अडतो. माझा एक सहकारी शिडीवरून पडला, तेव्हा 15 वर्षे दिवे लावणाऱ्या त्या माणसाची निर्मात्याच्या दप्तरी नोंद ‘हंगामी मदतनीस’ अशी निघाली आणि भरपाईही त्याच हिशेबाने मिळाली.

म्हणून विनंती अशी, की अनुभवी लाइटमनची प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन त्यांना श्रेणीनुसार दाखला देण्यात यावा, आणि प्रत्येक चित्रपटानंतर हुद्दा व कामाचे तास नोंदवून निर्मात्याने सही करायची, अशी कार्यपुस्तिका सक्तीची व्हावी. परीक्षकांत निदान एक जण असा असावा, ज्याने स्वतः शिडीवर उभे राहून दिवा फिरवला आहे. लेखी परीक्षा मात्र ठेवू नये. आमच्यातल्या उत्तम कारागिरांपैकी काही जण सहीपलीकडे फारसे लिहीत नाहीत.

आपला नम्र,
एक गॅफर