कर्णधारांचे थकीत मानधन आणि कनिष्ठ गटाचा पुढचा हंगाम: क्लबच्या सभासदांना व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या फुटबॉल क्लबच्या पहिल्या संघाचे कर्णधार या हंगामाअखेर क्लब सोडत आहेत, हे आपल्या कानांवर एव्हाना आले असेलच. मैदानाबाहेर गेलेले चेंडू आणून देणारा मुलगा म्हणून ते प्रथम आले, पुढे मधल्या फळीत स्थिरावले आणि दशकाहून अधिक काळ याच जर्सीत खेळले. आता ते दुसऱ्या संघाकडून खेळतील. त्यांच्या जाण्याबद्दल समितीची काहीही तक्रार नाही. उलट, ज्या परिस्थितीत ते इतकी वर्षे थांबले ती पाहता हा निर्णय त्यांनी याआधीच घेतला असता तरी कोणी त्यांना बोल लावला नसता. आपल्या नावावर वर्गणी गोळा होऊ नये, अशी त्यांची इच्छा असल्यामुळे या पत्रकात त्यांचे नाव मुद्दाम छापलेले नाही. आपण सर्वजण त्यांना ओळखताच.

मदतीचा विषय मांडण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कर्णधार दुसऱ्या क्लबकडे गेले म्हणजे आपल्या क्लबला मोठी रक्कम मिळाली असणार, मग वर्गणी कशासाठी, असे काही सभासदांनी विचारले. मोठ्या क्लबांमधील खेळाडूंच्या हस्तांतराचे (ट्रान्सफरचे) आकडे रोज वाचनात येत असल्यामुळे हा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु हस्तांतराची रक्कम मिळते ती कराराची मुदत शिल्लक असताना खेळाडू दुसरीकडे गेला तरच. करार संपला की खेळाडू मोकळा होतो. बेल्जियमचे खेळाडू जाँ-मार्क बोस्मन यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी हाच निवाडा दिला आणि पुढे फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांनीही तोच मार्ग धरला. त्यापूर्वी करार संपलेल्या खेळाडूसाठीदेखील जुना क्लब पैशांची मागणी करू शकत असे. तो नियम आज असता तर आपली तिजोरी थोडीफार भरली असती हे खरे. पण खेळाडूला अडवून भरलेली तिजोरी आपल्याला नको आहे, असेच समितीचे मत आहे.

खेळाडू घडवणाऱ्या लहान क्लबांसाठी फिफाने दोन तरतुदी केल्या आहेत, त्यांचाही येथे उपयोग नाही. प्रशिक्षणाची भरपाई खेळाडूला २३ वर्षे पूर्ण होतात त्या वर्षाअखेरपर्यंतच लागू असते आणि आपले कर्णधार ते वय केव्हाच ओलांडून गेले आहेत. दुसरी तरतूद अशी की, हस्तांतराच्या रकमेतील ५ टक्के वाटा त्या खेळाडूला वयाच्या १२ ते २३ या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांना वाटून दिला जातो. येथे हस्तांतराची रक्कमच नाही, आणि शून्याचे पाच टक्के शून्यच होतात. थोडक्यात, या जाण्यातून क्लबच्या खात्यात काहीही जमा झालेले नाही आणि होणारही नाही.

उलट देणे आपल्याच अंगावर आहे. कर्णधारांचे मानधन गेल्या हंगामापासून थकले आहे. एखाद्या क्लबने किमान दोन महिन्यांचे वेतन थकवले, तर लेखी सूचना देऊन व किमान १५ दिवसांची मुदत देऊन करार मोडण्याचा अधिकार व्यावसायिक खेळाडूला फिफाचे नियम देतात. कर्णधारांनी असे पत्र एकदाही दिले नाही. आम्ही विषय काढला की ते आधी कनिष्ठ गटाच्या प्रवासाचे आणि गोलरक्षकाच्या गुडघ्यावरील उपचारांचे काय झाले, ते विचारत, आणि आमच्याही सोयीचे असल्यामुळे आम्ही तो विषय तेथेच थांबवत असू. त्यांचा चांगुलपणा हा क्लबच्या अंदाजपत्रकातील उत्पन्नाचा भाग होऊन बसला होता, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण खोटे ठरणार नाही.

ही वेळ का आली, हेही सांगायला हवे. लहान क्लबचे उत्पन्न कमी झाले म्हणून त्याचा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. सामना पाहायला पन्नास जण आले काय आणि पाचशे आले काय, पंचांचे मानधन, मैदानाचे भाडे, संघाचा प्रवास, खेळाडूंचा विमा आणि प्रथमोपचाराची सोय यांवरील खर्च तेवढाच राहतो. जर्सीवर जाहिरात देणाऱ्या पुरस्कर्त्याने करार पुढे चालू ठेवला नाही, तेव्हापासून या खर्चाला आधार उरलेला नाही. सट्टेबाजीशी संबंधित जाहिराती घेतल्या तर पैसा लवकर उभा राहील, असे काहींनी सुचवले होते. लहान मुले जी जर्सी घालतात तिच्यावर तसली जाहिरात नको, असे समितीने एकमताने ठरवले आहे.

कर्णधारांच्या जाण्याने मधल्या फळीत जी जागा रिकामी होईल, ती एखादा तरुण खेळाडू हळूहळू भरून काढेल. कठीण आहे ती मैदानाबाहेरची जागा. त्यांच्याकडून कामे समजून घ्यायला आम्ही बसलो, तेव्हा साहित्याच्या खोलीच्या किल्लीबरोबर त्यांनी एक वही आमच्या हाती दिली. त्या वहीत कनिष्ठ गटातील प्रत्येक मुलाच्या बुटाचे माप पेन्सिलीने लिहिलेले आहे, म्हणजे पाय वाढला की आधीचे माप खोडून नवे लिहिता येते. आणि समोर, त्याला आखूड झालेले बूट पुढे कोणाला दिले, त्याची नोंद आहे. काही बुटांच्या जोड्या अशा रीतीने तीन-चार मुलांच्या पायांतून गेलेल्या दिसतात. शेवटच्या पानांवर कोणत्या चेंडूतून हवा जाते आणि जाळी कोठे उसवली आहे, हे लिहिले आहे. सरावाआधी प्रत्येक गोलखांब जमिनीत घट्ट रोवला आहे की नाही हे ते स्वतः हलवून पाहत असत. हलका गोलखांब अंगावर पडून मुलांना गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे हे काम कोणीतरी नियमितपणे करणे अत्यावश्यक आहे. संध्याकाळचे कनिष्ठांचे प्रशिक्षणही तेच देत असत, तेही विनामोबदला. आता प्रशिक्षक नेमायचा तर त्यांना मानधन द्यावे लागेल, आणि ते द्यावेच, असे आमचे मत आहे. एकाच्या फुकट कष्टांवर क्लब चालवण्याचा प्रकार पुन्हा व्हायला नको.

म्हणून आपणांस नम्र विनंती आहे की, क्लबने उघडलेल्या विशेष निधीस आपण यथाशक्ती मदत करावी. या निधीतून सर्वप्रथम कर्णधारांचे थकीत मानधन पूर्णपणे चुकते केले जाईल. ही त्यांना दिलेली भेट नसून त्यांच्या हक्काची रक्कम आहे, याची नोंद कृपया सर्वांनी घ्यावी. त्यानंतर जे उरेल ते कनिष्ठ गटाचे प्रशिक्षण, प्रवास व साहित्य यांसाठीच वापरले जाईल; जुनी इतर देणी किंवा पहिल्या संघासाठी नवे खेळाडू घेणे यांकडे त्यातील पैसा वळवला जाणार नाही. ब्रिटनमध्ये एकाच क्लबकडून साधारण दहा वर्षे खेळलेल्या खेळाडूसाठी गौरव सामना भरवण्याची आणि त्याचे उत्पन्न त्या खेळाडूला देण्याची जुनी पद्धत आहे. तसा सामना आम्हीही आयोजित करत आहोत. त्याचे उत्पन्न कनिष्ठ गटाला द्यावे, असा कर्णधारांचा आग्रह आहे आणि तो आम्ही मान्य केला आहे; मात्र थकबाकी या सामन्याच्या भरवशावर न ठेवता त्यापूर्वीच देण्याचा आमचा निश्चय आहे.

ज्यांना पैशांच्या रूपाने मदत करणे शक्य नाही, त्यांच्या श्रमांचे मोलही तेवढेच आहे. जर्मनीतील युनियन बर्लिन या क्लबकडे मैदानाच्या नूतनीकरणासाठी पुरेसा पैसा नव्हता, तेव्हा २००८ व २००९ मध्ये त्याच्या दोन हजारांहून अधिक समर्थकांनी सुमारे १,४०,००० तास श्रमदान करून ते काम तडीस नेले. आपली गरज त्या मानाने फारच छोटी आहे. सामन्याआधी मैदानाच्या रेषा आखणे, जाळ्या दुरुस्त करणे, मुलांना सामन्यासाठी नेणे-आणणे आणि क्लबचे हिशेब नीट मांडणे, एवढ्या कामांसाठी माणसे मिळाली तरी मोठा भार हलका होईल. फिजिओथेरपिस्टने आठवड्यातून एखादी संध्याकाळ दिली, तर दुखापत अंगावर काढून खेळण्याची आपल्या खेळाडूंची सवय तरी मोडेल. मुलांना आखूड झालेले पण सुस्थितीतील बूट, शिनगार्ड आणि १२ वर्षांखालील मुलांसाठी लागणारे चार क्रमांकाचे चेंडूही आम्ही आनंदाने स्वीकारू. बूट देताना त्यावर माप लिहून द्यावे, म्हणजे वहीत नोंद करणे सोपे जाईल.

निधीचे खाते स्वतंत्र असून त्यातील रक्कम दोन पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त सहीशिवाय काढता येत नाही. जमाखर्च दर महिन्याला क्लबच्या सूचनाफलकावर लावला जाईल. देणगीदाराची इच्छा असल्यास त्यांचे नाव त्यात छापले जाणार नाही. कोणत्याही खेळाडूच्या अथवा पदाधिकाऱ्याच्या हाती पावतीशिवाय रक्कम देऊ नये, आणि कर्णधारांना व्यक्तिशः भेटून पैसे देऊ करू नयेत, ही विशेष विनंती. त्याने त्यांना संकोच होतो.

देणगी क्लबच्या कार्यालयात सरावाच्या वेळेत स्वीकारली जाईल. श्रमदान करू इच्छिणाऱ्यांनी तेथील नोंदवहीत आपले नाव आणि सोयीचा वार लिहून ठेवावा. नव्या हंगामाची संघनोंदणी सुरू होण्यापूर्वी थकबाकी चुकती करावयाची असल्यामुळे आपली मदत त्याआधी पोहोचल्यास विशेष उपयोगी पडेल.

आपली विश्वासू,
कार्यकारी समिती