सुध्या, सही करू नकोस

प्रिय सुध्या,

तुझे फोन घेतले नाहीत. आपल्या सड्याचं, त्या कातळाच्या माळाचं, हे फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला तू तोडून भांडायला लागला असतास, म्हणून कागद घेतला. आईचं बीपी ठीक, माझा गुडघा आहे तसा.

सुट्टीला भाचा आलाय. कातळशिल्पं दाखव म्हणून मागे लागला, तेव्हा गाडी काढली. आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य, मग तिथला जमिनीवरच्या कातळात कोरलेला हत्ती. 18 मीटर लांब, 13 मीटर रुंद आणि अंगात 70-एक लहानमोठी जनावरं कोरलेली. शेजारी उभं राहून हत्ती दिसतच नाही रे. पोरानं कडेकडेनं दोन फेऱ्या मारल्या तेव्हा कुठे सोंड सापडली. देवाच्या गोठण्यात भार्गवरामाच्या देवळाच्या वर सड्यावर गेलो. तिथे होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं. मी दगडातलं चुंबकत्व समजावतोय आणि पोराला त्यात भूत हवंय. थेट तुझ्यावर गेलाय, नातं नसताना.

मला मात्र डोक्यातून जात नाहीत ते गेंडे. आपल्या सड्यांवर गेंडे कोरलेत, सुध्या! कोरणाऱ्यानं पाहिल्याशिवाय काढले असतील? नांगर नाही, शेत नाही, नुसती जनावरं, मासे आणि माणसं. म्हणून ही शिकारी लोकांची कामं असावीत म्हणतात. वयावर एकमत नाही. कुणी 10,000 वर्षं म्हणतं, कुणी आणखी मागे जातं. 2022 मध्ये कशेळी, बारसू, उक्षी वगैरे ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आपला सडा कुठल्याच यादीत नाही, आणि घोळ तिथेच आहे.

परतताना पोरानं विचारलं, आपल्या गावात काहीच नाही? म्हटलं, आहे की, पांडवांची पाटी, आमचं पिच. उन्हं कलली होती. तिरक्या उन्हात खाचा कशा वर येतात, ते मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. तुझी ती क्रीज, जिच्यावरून तू मला रनआऊट दिलास आणि गण्याला साक्षीला उभा केलास, ती पाकटाची, त्या चपट्या पंखवाल्या माशाची, शेपटी आहे. दोन्ही पंखांसकट अख्खं पाकट, बाजूला दोन मासे, आणि एक बहुतेक रानडुक्कर. शेपटी वाकडी आहे, तू सरळ धरलीस. म्हणजे मी नॉटआऊट. लेखी देतोय.

पाकटाच्या डाव्या पंखाच्या खोलगटात टिटवीची चार अंडी होती. जांभ्या दगडाच्याच रंगाची, पाय पडता पडता राहिला. नर-मादी दोघं डोक्यावर असं काही ओरडत होते की पोरगं गडग्यामागे पळालं. जवळच कोल्ह्याची विष्ठा, करवंदाच्या बियांनी भरलेली.

आणि तिथून थोड्याच अंतरावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा.

बंड्यानं हा सडा चिरेखाणीला, जांभा कापून चिरे काढायला, द्यायचं ठरवलंय. त्याच्यावर ओरडू नको. यंदा आंबा हातचा गेला, सोसायटीचं कर्ज आहे, आणि सड्यावर काय पिकतं? तुझे काका हयात असते तरी हेच करते. जमीन सामाईक असल्यानं त्याला तुझी सही लागणार. मी मात्र दोन्हीकडून अडकलोय. तहसीलला कळवावं, तर गावात आधीच कुजबुज आहे की सरकारी पाटी लागली की गडगासुद्धा हलवता येणार नाही. त्या धास्तीनं कुणी रात्रीत पहार चालवली तर? गप्प बसावं, तर पाऊस संपला की कटर आलाच. बंड्या म्हणतो, चित्र सोडून बाकीचं कापतो. म्हणजे चहूबाजूंनी खोल खड्डे आणि मधे बेटावर पाकट! पावसाळ्यात गेंद आणि सीतेची आसवं फुलतात ती जागा आधी जाईल, आणि टिटवी काय खड्ड्यात अंडी घालणार? उक्षीकरांनी त्यांच्याकडच्या हत्तीभोवती चिऱ्यांचं कुंपण घातलं. तसं इथेही जमेल, पण कुंपणानं बंड्याचं कर्ज फिटत नाही. तुम्ही सगळे हिस्सेदार मिळून त्याला काही द्याल का, हे विचारायला मला जीभ रेटत नव्हती, म्हणून लिहिलं. माझे थोडे धर. मी हिस्सेदार नाही, पण नॉटआऊट आहे.

पोरीचा बारावीचा निकाल कळव. वहिनींचं बदलीचं काय झालं? डोंबिवलीत पाणी येतंय का?

बंड्या जूनमध्ये तुझ्याकडे कागद घेऊन येणार आहे. चहा दे, जेवायला घाल, मुक्कामाला ठेव. माझा फोन आल्याशिवाय पेन देऊ नको.

तुझा,
मन्या