संत्र्याची झाडं आणि सार्कचा करार : वाणिज्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय वाणिज्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी वरूड तालुक्यातला संत्रा उत्पादक. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. दिवाळीआधी माझ्या आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात तोडणीला येणाऱ्या फळांचा, उक्ता सौदा झाला होता; झाडावरचा सगळा माल एकरकमी ४ लाख २० हजारांत. व्यापाऱ्याने ५० हजार इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली, बाग फिरून पाहिली, चहा घेऊन गेला. तोडणीच्या आठवड्यात त्याचा फोन आला, ‘काका, ढाक्याला माल परवडत नाही. इसार तुमच्याकडंच राहू द्या.’ त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. पंधरा दिवस बाग तशीच उभी होती आणि झाडाखाली फळांचा सडा पडत होता. उरलेला माल मंडीत ११ रुपये किलोने दिला. तोडाई, कॅरेट, गाडीभाडं जाऊन हातात काय उरलं ते लिहायची लाज वाटते. मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायला तिच्या आईच्या पाटल्या गहाण पडल्या. लग्नातल्या होत्या.

आता तुम्ही विचाराल, ढाकाच का? साहेब, आमच्या नागपुरी संत्र्याची साल सैल, फळ नाजूक. ते बोटीत महिनाभर टिकत नाही. ट्रकने बाराशे-तेराशे किलोमीटर जाऊन पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या नाक्यावर सीमा ओलांडायची, एवढीच त्याची ताकद. म्हणून बांगलादेश आमचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक झालं. तिथल्या माणसाला आमची आंबटगोड चव आवडते. त्याला फळ हवं आहे, मला विकायचं आहे. मध्ये उभं आहे ते बांगलादेशचं आयात शुल्क. २०१९ ला किलोमागे २० रुपये होतं, २०२३ पर्यंत ८८ झालं. मला ११ रुपये आणि त्यांच्या सरकारी तिजोरीला ८८! डॉलर वाचवायला त्यांनी २०२२ मध्ये परदेशी फळांना फर्निचर आणि सौंदर्यप्रसाधनांच्या रांगेत बसवलं आणि वरून आणखी शुल्क लावलं. त्यांची अडचण खरी असेल. पण त्यांच्याशी बोलायला आपल्याकडून कोण गेलं?

आमच्या भागातल्या प्रचारसभेत व्यासपीठावरून शब्द मिळाला होता, ‘शुल्काचा प्रश्न दिल्लीत मांडून सोडवतो.’ टाळ्या मीही वाजवल्या. २०२३ च्या डिसेंबरात राज्य सरकारने निम्म्या शुल्काचं, किलोमागे ४४ रुपयांचं अनुदान जाहीर केलं, तेही निर्यातदारासाठी. बागेत उभ्या असलेल्या माणसाला काय? आणि अनुदानाने दुखणं बरं होतं का? आपल्याच लोकांच्या कराचे पैसे शेजाऱ्याच्या तिजोरीत भरायचे, हा कुठला उपाय?

माझी साडेपाचशे झाडं २००४ च्या पावसाळ्यात लावलेली. त्याच वर्षी जानेवारीत इस्लामाबादला सार्कच्या, म्हणजे भारत-बांगलादेश-पाकिस्तान अशा दक्षिण आशियाई शेजाऱ्यांच्या संघटनेतल्या, देशांनी मुक्त व्यापाराच्या करारावर, साफ्टावर, सह्या केल्या होत्या. वर्तमानपत्रात मोठे फोटो होते. झाडं डिंक्या, कोळशी या रोगांशी, हजार फुटांवर गेलेल्या बोअरशी झगडून सहाव्या वर्षी फळाला आली. करार २००६ ला लागू झाला आणि प्रत्येक देशाने सवलतीतून वगळलेल्या मालाची लांबलचक यादी काढून त्याचा जीव घेतला. या आठ देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे. आसियानवाले, म्हणजे इंडोनेशिया-थायलंडसारखे आग्नेय आशियातले देश, याच आशियातले ना? त्यांचा २० टक्क्यांच्या वर आहे. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत झाली. २०१६ ची इस्लामाबादची उरीच्या हल्ल्यानंतर झालीच नाही. आमचे जवान गेले तेव्हा जाऊ नये, हे मलाही पटतं. पण पाकिस्तानशी बोलायचं नाही म्हणून ढाक्याशीही संत्र्याबद्दल बोलायचं नाही?

चूक त्यांचीच आहे, असंही मी म्हणणार नाही. २०११ ला आपण २५ वस्तू सोडून अल्पविकसित शेजाऱ्यांच्या सगळ्या मालावरचं शुल्क काढलं, मोठेपणा केला. आणि २०१९ च्या सप्टेंबरात एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली. तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन जाहीर सांगितलं, की मी आचाऱ्याला स्वयंपाकात कांदा घालू नको म्हणाले, पुढच्या वेळी आधी कळवत जा. सभागृह हसलं. पुढच्याच वर्षी आपण पुन्हा तेच केलं, २०२३ लाही केलं. शेजाऱ्याचं ताट अडवणाऱ्याने आपल्या फळासाठी कुठल्या तोंडाने बोलायचं? नाशिकचा कांदेवाला त्यात मेला, वरूडचा संत्रेवालाही मेला. २०२५ मध्ये तर दोन्हीकडून जमिनीवरची नाकी एकेका मालाला बंद होऊ लागली. त्यांनी आपलं सूत अडवलं, आपण त्यांचे कपडे अडवले.

आणि ऑस्ट्रेलियाशी करार करायला वेळ मिळाला! २०२२ च्या त्या करारात त्यांच्या १३,७०० टन संत्रावर्गीय फळांवरचं शुल्क आपण निम्मं केलं. समुद्रापलीकडचं संत्रं सवलतीत मुंबईच्या मॉलमध्ये, आणि माझं संत्रं बांधावर. हा हिशेब कोणत्या खात्यात कोण करतं? त्या टेबलावर विदर्भातला एक तरी शेतकरी होता का?

मागणी एवढीच आहे. ढाक्यात सरकार कोणाचंही असो, संत्र्याचं शुल्क बैठकीच्या विषयपत्रिकेवर लेखी घ्या. बदल्यात कांदा अचानक बंद करणार नाही, असा शब्द त्यांना द्या आणि पाळा.

धुऱ्यापलीकडं, शेजारच्या बागेत, काल जेसीबी आला होता. वीस वर्षांची दोनशे झाडं दुपारपर्यंत आडवी झाली. माझी बाग सध्या ताणावर आहे, म्हणजे बहार यावा म्हणून पाणी तोडलं आहे. संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडायचं असतं, आणि पाणी सोडलं की खत-फवारणीचा सगळा खर्च अंगावर येतो. बैठक होणार की नाही, तेवढं त्याआधी कळवा.

आपला,
एक संत्रा उत्पादक
ता. वरूड, जि. अमरावती