हॉल रद्द केलाय, रागावू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर आई मला वाक्य पूर्ण करू देत नाही आणि बाबा "हं, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. तेव्हा एका दमात सांगते. बाबांच्या पंचाहत्तरीचा हॉल मी रद्द केलाय. आगाऊ भरलेल्यातले थोडे पैसे बुडाले, ते माझे बुडाले, त्याचा हिशेब विचारायचा नाही. दादाला कळवलंय. तो आधी ओरडला, मग म्हणाला, मीही येतो.

त्याऐवजी आपण बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधल्या कान्हेरी लेण्यांना जाणार आहोत.

आई, थांब. पुढे वाच. औक्षण होणार आहे, ७५ दिवेही लागणार आहेत, संध्याकाळी आपल्याच घरी, तुझ्या त्या चांदीच्या ताटात. फक्त दोनशे माणसं आणि बाबांनी तीन तास कोट घालून मखमली खुर्चीत बसणं, एवढंच वगळलंय. दादाच्या लग्नात पहिल्या पंगतीनंतर बाबा कुठे सापडले होते, आठवतंय ना? मग!

पण हॉल हे अर्धंच कारण. एप्रिलपासून बाबा गॅलरीत बसून समोरचा डोंगर बघतायत. अँजिओप्लास्टीनंतर काही आठवडे जपायला सांगितलं होतं, आता आठ महिने झाले. मागच्या रविवारी मी म्हटलं, कोपऱ्यापर्यंत चला, तर म्हणालात, "कशाला उगाच." बाबा, हे तुमचं बोलणं नाही. तुम्ही घाबरलायत असं मी म्हणत नाही. मी घाबरलेय, असं समजा.

फाइल घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले, तुम्हाला न सांगता. हो, चुकलं. त्यांनी खुशाल जा म्हटलं. सपाटीवर चालायचं, पायऱ्या सावकाश, आणि चढताना बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली की बसायचं. तुम्ही तिथे गेल्यावर बोलायचे थांबणारच नाही, त्यामुळे ही परीक्षा घरबसल्या पास.

वाढदिवस सोमवारी येतो आणि सोमवारी नॅशनल पार्क बंद. मंगळवार हा आईचा वार. म्हणजे या खेपेला आई जिंकली. रविवारी तिथे जत्रा असते, म्हणून मंगळवारच बरा. आईचा उपास आहे, तर खिचडी मी करून आणते. तू पहाटे उठून काही करायचं नाहीस. चिवडासुद्धा नाही.

गंमत बघा, तुमच्या मुलुंडच्या गॅलरीतल्या डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याशी मी राहते. मधे १०० चौरस किलोमीटरहून मोठं जंगल, त्यामुळे सहाला निघून घोडबंदरचा वळसा घ्यायचा. ठाण्याहून बोरिवलीला डोंगराखालून बोगदा खणतायत, दहा किलोमीटरहून लांब. तो होईल तेव्हा होईल. पंचाहत्तरी त्याच्यासाठी थांबायची नाही.

गेटपासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर आहे. ते चालायचं नाही, आतल्या बसने जायचं. वर पोचलं की ३ नंबरचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, लगेच आहे, थोड्याच पायऱ्या. व्हरांड्यातल्या त्या वीस फुटांहून उंच बुद्धाला बघून लहानपणी मी भोकाड पसरलं होतं म्हणे, हलेल म्हणून. तिथून पाण्याची टाकी बघत ११ नंबरच्या 'दरबार' लेण्यापर्यंत. तिथे टेकायचं. आईचे गुडघे तिथपर्यंत येतील, आणि नाही आले तर ती आणि मी खालीच सावलीत बसू. तिला तसंही माझ्या सासरच्या गोष्टी ऐकायच्याच असतात.

९० नंबरच्या लेण्याला जायचं नाही. बाबा, मला माहितेय तुम्हाला तेच बघायचंय. १००९ साली आलेल्या पारशांनी तिथे पहलवी या जुन्या इराणी लिपीत स्वतःची नावं कोरून ठेवली आहेत, आणि ती दाखवून तुम्ही मला म्हणाला होतात, "त्यांनी कोरलं तो इतिहास, तू कोरलंस तर फटका." तो चढ दादा चढेल आणि फोटो काढून आणेल, तुम्ही खाली बसून त्याला समजावून सांगा.

तुमचा तो शेंगदाण्यांचा हिशेब मी विसरलेले नाही. दहा पायऱ्या झाल्या की एक दाणा, शंभर झाल्या की गूळ. मी पायऱ्या मोजताना लबाडी करायचे, तुम्हाला कळायचं, तरी दाणा मिळायचा. आता पिशवी माझ्याकडे असेल. मीठ न लावलेले दाणे आणतेय, डॉक्टरांमुळे.

आई, बिबट्याचं मनात आणू नकोस. तो रात्रीचा फिरणारा प्राणी, आपण चांगलं उजाडल्यावर बसमधून जाणार. आणि बिबट्याच म्हणशील, तर २०१८ साली तो तुमच्या मुलुंडमध्येच, नाणेपाड्यात शिरला होता! माकडांची मात्र मला खरंच भीती वाटते. खाण्याची पिशवी उघडी ठेवायची नाही, प्लॅस्टिकची तर न्यायचीच नाही.

जिभेखालची गोळी बाबांच्या शर्टाच्या खिशात, पँटच्या नाही. दुसरी माझ्या पर्समध्ये. सकाळच्या गोळ्या नेहमीच्या वेळी. गरम पाण्याचा थर्मास मी आणेन, उशी पण आणेन, आतल्या बसची सीट कडक असते. डिसेंबर आहे, सकाळी गारवा असेल, मफलर हवाच. रंगाचं कौतुक नको, जो सापडेल तो. साडेबाराला घरी, जेवून झोप, मग दिवे.

त्या दिवशी नको वाटलं तर सकाळी उठून सांगा, मी काही म्हणणार नाही. गेटवरूनच परत येऊ, वाटेत इडली खाऊ. पण आज "बघू" म्हणू नका.

तुमची,
चिमी

ता. क. आई, बाबांच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांचा तळ सुटलाय का बघ. सुटला असेल तर गोंद लावून ठेवू नका, मला नंबर कळव.